परतखरेदी, पर्याय आणि सिन्नरचा कामगार

बॉश कंपनीने 2016 मध्ये आपलेच 8 लाख 78 हजार 160 शेअर प्रत्येकी 23,000 रुपये देऊन भागधारकांकडून परत घेतले. त्यासाठी सुमारे 2,020 कोटी रुपये गेले. दोन वर्षांनी, 2018 मध्ये, तिने आणखी 10 लाख 27 हजार 100 शेअर 21,000 रुपये भावाने घेतले आणि सुमारे 2,157 कोटी मोजले. पुढच्याच वर्षी वाहन उद्योगाला मंदीने गाठले, आणि कंपनीला नाशिकच्या सातपूर कारखान्यात उत्पादनबंद दिवस जाहीर करावे लागले. मोठ्या कारखान्यातली मंदी तिथेच थांबत नाही. ती पुरवठादारांच्या साखळीतून खाली उतरते आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांच्या पाळ्या कमी करते. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरच्या सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगावच्या वसाहतींत असे कारखाने पुष्कळ आहेत.

परतखरेदीमुळे मंदी आली असे कुणी म्हणणार नाही. शेअर परत घेतले नसते तर उत्पादनबंद दिवस टळले असते, असेही म्हणता येत नाही, कारण गाड्यांची मागणीच आटली होती. तरीही दोन वर्षांच्या अंतराने चार हजार कोटींहून अधिक रक्कम कंपनीच्या गंगाजळीतून बाहेर गेली आणि तिचा मोठा हिस्सेदार म्हणजे सुमारे 70 टक्के शेअर हाती असलेली जर्मनीतली मूळ कंपनी होती. कारखान्यात साठलेला नफा कुणाकडे, कोणत्या वाटेने आणि कोणत्या भावाने जातो हा प्रश्न सिन्नरच्या माणसाने विचारायला हवा. शेअरची परतखरेदी, म्हणजे बायबॅक, आणि कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअरचे पर्याय, म्हणजे ईसॉप, या दोन्हींकडे त्याच प्रश्नाच्या दोन बाजू म्हणून पाहावे लागते.

भारतात कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेण्याची मुभा फार जुनी नाही. ऑक्टोबर 1998 च्या अध्यादेशाने आणि नंतर 1999 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात 77अ हे कलम आले. आज 2013 च्या कायद्यातले कलम 68 तेच काम करते. अटी सरळ आहेत. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त गंगाजळी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. 10 टक्क्यांपर्यंत संचालक मंडळाचा ठराव पुरतो, त्यापुढे भागधारकांचा विशेष ठराव लागतो. खरेदीनंतर कर्ज हे भांडवल आणि गंगाजळीच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. घेतलेले शेअर सात दिवसांत रद्द करायचे. शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीने निविदा पद्धतीने खरेदी केली तर 15 टक्के वाटा लहान भागधारकांसाठी, म्हणजे दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांसाठी, राखावा लागतो. शेअर बाजारातून हळूहळू खरेदी करण्याची जुनी पद्धत बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने टप्प्याटप्प्याने आखडत आणली आणि 1 एप्रिल 2025 पासून बंद केली. हा निर्णय मला योग्य वाटतो. त्या पद्धतीत कोणाचे शेअर घेतले गेले हे निव्वळ नशिबावर होते, आणि लहान भागधारकाच्या हाती फारसे काही लागत नसे.

कर्जाची अट कागदापुरती नाही, हे लार्सन अँड टुब्रोने अनुभवले. 9,000 कोटींची तिची पहिली परतखरेदी सेबीने जानेवारी 2019 मध्ये नाकारली. उपकंपन्यांचे, विशेषतः वित्तपुरवठ्याच्या व्यवसायातले, कर्ज धरले तर मर्यादा ओलांडली जात होती. कंपनीने शेवटी 2023 मध्ये 3,200 रुपये भावाने 10,000 कोटींची खरेदी पार पाडली.

परतखरेदीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते ते असे: कंपनीकडे गरजेपेक्षा जास्त रोख आहे, गुंतवायला चांगली जागा नाही, म्हणून ती मालकांना परत द्यावी. यात चूक काहीच नाही. पण मालकाला परत देताना कोणत्या मालकाला, हा प्रश्न उरतो. जो शेअर विकून जातो त्याला रोख मिळते, आणि जो थांबतो त्याचा कंपनीतला हिस्सा वाढतो. भाव कमी असेल तर थांबणारा फायद्यात राहतो, जास्त असेल तर जाणारा. बजाज ऑटोने 2022 मध्ये बाजारातून 4,600 रुपयांच्या कमाल भावाने 2,500 कोटींची खरेदी जाहीर केली. दोनच वर्षांनी, 2024 मध्ये, तिने 10,000 रुपये भावाने 4,000 कोटींची केली. पहिल्या वेळी थांबलेल्या भागधारकाला पुढच्या दोन वर्षांनी काय दिले, हे या दोन आकड्यांतच दिसते. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सने 2019 मध्ये 750 रुपयांच्या कमाल भावाने 225 कोटींची खरेदी ठरवली, आणि नंतर त्या शेअरने जो पल्ला गाठला तो पाहता त्या वेळी थांबलेल्यांनी चांगला सौदा केला. बॉशचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 21,000 ला घेतलेला शेअर मार्च 2020 मध्ये 10,000 च्या खाली होता, आणि 2024 मध्ये 30,000 च्या वर गेला. तेव्हा भाव योग्य होता की नाही, याचे उत्तर तुम्ही कोणत्या दिवशी विचारता त्यावर अवलंबून आहे. म्हणूनच संचालक मंडळाने भाव कसा ठरवला याचे कारण भागधारकांना पटेल असे लिहून देणे मी आवश्यक मानतो.

माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने 2010 मध्ये 280 रुपयांच्या कमाल भावाने 630 कोटींच्या मर्यादेत शेअर परत घेण्याचे ठरवले होते. आज तो शेअर अनेक पटींनी वर आहे. माळेगावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्याचा त्या किमतीत काही ना काही वाटा आहे. पण ती वाढ कोणाच्या डिमॅट खात्यात जमा झाली, हे पाहायला गेले की सिन्नरचा पत्ता क्वचितच सापडेल.

आता दुसरी बाजू. ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेला हक्क: आज ठरलेल्या किमतीला काही वर्षांनी कंपनीचा शेअर घेण्याचा. हक्क पक्का व्हायला किमान एक वर्ष लागते, बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षांत थोडा थोडा करून पक्का होतो. मधे नोकरी सोडली तर उरलेला हक्क जातो. शेअरचा भाव वाढला तरच त्याला अर्थ आहे, न वाढला तर कागद तसाच पडून राहतो. नाशिकच्या सुला विनयार्ड्सचे उदाहरण जवळचे आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिचा शेअर 357 रुपयांना लोकांना विकला गेला. पुढे तो 600 च्या वर चढला आणि 2025 मध्ये 357 च्याही खाली आला. असा पर्याय कुणाच्या हाती असेल तर त्याने कोणत्या महिन्यात तो वापरला, यावर त्याचे घर बांधले जाणार की नाही हे ठरते. पगारात ही अनिश्चितता नसते, आणि नाशिकच्या कामगार संघटना तीन-तीन वर्षांच्या वेतनकरारासाठी भांडत आल्या त्यामागचे शहाणपणही हेच आहे. पर्याय हे वेतनवाढीच्या जागी येता कामा नयेत. ते तिच्या जोडीला आले तरच कामगाराच्या हिताचे आहेत.

देशात ईसॉपची भुरळ पडली ती इन्फोसिसमुळे. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने 1994 पासून पर्याय द्यायला सुरुवात केली, आणि नव्वदीच्या अखेरीस शेअरने जी उंची गाठली तिने कित्येक पगारदार माणसांना जमीनजुमल्याशिवाय श्रीमंत केले. मध्यमवर्गीय मराठी घरांत शेअर बाजाराविषयी जी भीती होती, ती ओसरायला या कथांनी मोठा हातभार लावला. टीसीएसने मात्र ही वाट धरली नाही. ती कर्मचाऱ्यांना पर्याय देत नाही, पण परतखरेदी नेमाने करते: 2017, 2018 आणि 2020 मध्ये प्रत्येकी 16,000 कोटी, 2022 मध्ये 18,000 कोटी, 2023 मध्ये 17,000 कोटी. सत्तर टक्क्यांहून अधिक शेअर टाटा सन्सकडे असल्याने यातला मोठा भाग तिकडे जातो. इन्फोसिसने सप्टेंबर 2025 मध्ये 1,800 रुपये भावाने 10 कोटी शेअर, म्हणजे 18,000 कोटींची खरेदी जाहीर केली तेव्हा प्रवर्तकांनी सहभाग घेतला नाही. असा निर्णय लहान भागधारकाला अधिक जागा मोकळी करून देतो.

पर्याय आणि परतखरेदी एकत्र आल्या की हिशेब कसा फिरतो, ते एका काल्पनिक कंपनीवरून पाहू. मुसळगावातल्या एका कंपनीचे 1 लाख शेअर आहेत, वर्षाचा नफा 50 लाख, म्हणजे शेअरमागे 50 रुपये. तिने आपल्या माणसांना 100 रुपये किमतीचे 5,000 पर्याय दिले. ते वापरले गेले की शेअर झाले 1 लाख 5 हजार, आणि शेअरमागची कमाई साधारण 47 रुपये 62 पैशांवर आली. जुन्या मालकांनी थोडे सोडले. मग कंपनीने 600 रुपये भावाने 5,000 शेअर परत घेतले. शेअर पुन्हा 1 लाख, कमाई पुन्हा 50 रुपये. वरवर पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. पण पर्यायांतून कंपनीला आले 5 लाख, परतखरेदीत गेले 30 लाख. मधले 25 लाख हा माणसांच्या श्रमाचा मोबदला आहे, आणि तो कंपनीच्या रोखीतून गेला. तो मोबदला योग्यच असू शकतो. पण वाटा कोणी सोडला आणि तो कोणाला मिळाला, हे ताळेबंदात शोधल्याशिवाय कळत नाही.

कायद्याला ही सांगड ठाऊक आहे. परतखरेदीनंतर सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत, पण ईसॉपखाली आधीच दिलेल्या हक्कांचे शेअर काढायला मोकळीक आहे. अमेरिकेत याच वाटेचा अतिरेक झाला, असे विल्यम लाझोनिक या अर्थतज्ज्ञाने 2014 मध्ये मांडले. एस अँड पी 500 मधल्या 449 कंपन्यांनी 2003 ते 2012 या काळात नफ्याचा 54 टक्के भाग परतखरेदीवर आणि 37 टक्के लाभांशावर खर्च केला, असा त्याचा हिशेब होता. संशोधनाला, यंत्रांना आणि पगाराला उरले ते बाकीचे. वरिष्ठ अधिकाऱ्यांचा मोबदला शेअरच्या भावाशी बांधलेला असल्याने भाव चढवणारी खरेदी त्यांच्याच खिशाच्या फायद्याची होती, हा त्याचा मुख्य आक्षेप. 2023 पासून तिथे परतखरेदीवर 1 टक्का कर लागला. आपल्याकडे अजून ते प्रमाण नाही, पण पर्याय वरच्या थरात साचण्याची ओढ इथेही आहे. पेटीएमच्या संस्थापकाला मिळालेल्या 2 कोटी 10 लाख पर्यायांवर सेबीने हरकत घेतली आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ते सोडले. नियम सांगतो की प्रवर्तकाला ईसॉप नाही, आणि तो नियम राखला गेला हे चांगले झाले.

महाराष्ट्रात कामगारांनी मालकीत हात घालण्याचे याहून धीट प्रयोग झाले आहेत, आणि आढावा घेताना ते विसरता येत नाहीत. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज 1985 मध्ये बंद पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1988 च्या निर्णयाने ती कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली आणि पुन्हा चालू झाली. काही वर्षे ती नीट चालली, नंतर ढासळली. लार्सन अँड टुब्रोचा मार्ग वेगळा होता. 2001 मध्ये बिर्ला समूहातल्या ग्रासिमने रिलायन्सकडून तिचा 10 टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा 306 रुपये 60 पैसे भावाने घेतला, आणि कंपनी त्या समूहाच्या ताब्यात जाणार असे दिसू लागले. शेवटी सिमेंटचा व्यवसाय वेगळा काढून ग्रासिमकडे गेला आणि ग्रासिमजवळचे सुमारे 15 टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीने घेतले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ए. एम. नाईक यांनी घडवलेला तो निधी आजही कंपनीच्या मोठ्या भागधारकांत आहे. व्यक्तीच्या हाती शेअर दिला तर तो पहिल्या लग्नाला किंवा पहिल्या आजारपणाला विकला जातो. निधीच्या हाती दिला तर तो टिकतो आणि सभेत मतही देतो. माझे मन या दुसऱ्या रचनेकडे झुकते, जरी तिच्यात कामगाराला तातडीने रोख मिळत नाही.

नाशिककरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ताजी घटना मात्र महिंद्राची आहे. ऑगस्ट 2025 मध्ये महिंद्रा समूहाने वाहन, शेतीअवजारे आणि विद्युत वाहनांच्या कंपन्यांतल्या सुमारे 23,000 कर्मचाऱ्यांना एकदाच द्यायचे 400 ते 500 कोटींचे ईसॉप जाहीर केले. यातले बरेचसे थेट कारखान्याच्या मजल्यावर काम करणारे आहेत. नाशिकला महिंद्राचा मोठा वाहन कारखाना आहे. भारतीय उत्पादन क्षेत्रात जुळणीच्या पट्ट्यावरच्या माणसाला पर्याय मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट, आणि म्हणून तिचे मनापासून स्वागत करावेसे वाटते. भागाकार केला तर माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास रक्कम येते. कायम कामगारासाठी ती कमी नाही. पण हे पर्याय कायम कर्मचाऱ्यांसाठी आहेत. त्याच छपराखाली ठेकेदाराकडून आलेला मुलगा त्याच पट्ट्यावर उभा असतो, त्याला ते नाहीत. आणि त्या गाडीचे कंस, पिना, बुशिंगा बनवणारी पुरवठादारांची माणसे तर या यादीच्या कितीतरी बाहेर आहेत.

कोण यादीत आणि कोण बाहेर, ही रेष सिन्नरला जुनी आहे. इथला विडी उद्योग घरोघरी पाने आणि तंबाखू पोहोचवून उभा राहिला. विड्या वळणाऱ्या बायका घरी, हिशेब शेकड्यावर. विडी वळणारा माणूस कारखाने कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, यावर विडी मालकांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1961 मध्ये शंकर बालाजी वाजे यांच्या प्रकरणात न्यायालयाने विडी वळणाऱ्याला त्या कायद्याचा कामगार मानले नाही. पुढे 1966 मध्ये विडी कामगारांसाठी संसदेला वेगळा कायदाच करावा लागला, आणि घरी वळणाऱ्या बायकाही त्यात आल्या. ज्याच्या हाताने माल तयार होतो तो हिस्सेदारांच्या यादीत येतो की नाही, हे अशा व्याख्यांवर ठरते. ईसॉपच्या बाबतीत सेबीने 2021 च्या नियमांत ‘कायम’ ही अट काढून टाकली आणि फक्त त्या कंपनीसाठी काम करणाऱ्या, कंपनीने ठरवलेल्या कर्मचाऱ्याला पात्र ठरवले. म्हणजे मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला पर्याय द्यायला नोंदणीकृत कंपनीपुढे आज कायद्याची आडकाठी नाही, इच्छा लागते. नोंदणी नसलेल्या कंपन्यांच्या नियमांत मात्र ‘कायम कर्मचारी’ हे शब्द अजून आहेत, ते काढायला हवेत.

सिन्नरच्या लहान उद्योजकाला हे सगळे दूरचे वाटणे साहजिक आहे. पण त्याच्याकडे असा एक कुशल माणूस असतोच, जो सीएनसीवर बारीक माप धरतो आणि ज्याला नाशिकची मोठी कंपनी दोन हजार जास्त देऊन पळवते. त्याला थांबवायला हिस्सा देता येईल का? उद्योग भागीदारीत किंवा एलएलपीत असेल तर नाही, कारण तिथे शेअरच नसतात. खासगी मर्यादित कंपनी असेल तर होय. आणि इथेच परतखरेदी कामाला येते. बाजारात न विकता येणारा शेअर कामगाराला रोखीशिवाय निरुपयोगी आहे. कलम 68 मध्ये परतखरेदीचे जे मार्ग दिले आहेत, त्यात ईसॉपखाली दिलेले शेअर कर्मचाऱ्यांकडून थेट विकत घेणे हा स्वतंत्र मार्ग आहे. बंगळुरूच्या झेरोधासारख्या शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या हातातले पर्याय आणि शेअर वेळोवेळी घेऊन त्यांना रोख दिली, हे तिथल्या तरुणांना ईसॉप खरे वाटण्याचे मोठे कारण आहे.

अडचण कराची आहे. पर्याय वापरला त्या दिवशी बाजारभाव आणि ठरलेली किंमत यांतला फरक पगार म्हणून करपात्र ठरतो. हाती एक पैसा आलेला नसताना कर भरावा लागतो. 2020 पासून पात्र स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण तीस वर्षे जुन्या प्रेसशॉपला ती नाही. त्यातच 1 ऑक्टोबर 2024 पासून परतखरेदीत मिळालेली सगळी रक्कम लाभांश म्हणून करपात्र झाली, आणि शेअरची मूळ किंमत भांडवली तोटा म्हणून बाजूला ठेवावी लागली. ज्याला तोट्याची वजावट घ्यायला दुसरा भांडवली नफाच नाही अशा कामगाराला हा नियम फार जड होता. फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात परतखरेदी पुन्हा भांडवली नफ्याकडे नेण्याचा आणि प्रवर्तकांवर वेगळा जादा कर लावण्याचा प्रस्ताव आला. कामगार-भागधारकासाठी ही दिशा बरोबर आहे.

मुसळगावची वसाहत सहकारी आहे. भूखंडधारक तिचे सभासद आहेत, आणि रस्ते, पाणी, वीज यांसाठी एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय तिथे अनेक वर्षांची आहे. एका छोट्या कंपनीला मूल्यांकनाचा, कंपनी सचिवाचा आणि करसल्ल्याचा खर्च परवडत नाही, पण वीस कंपन्या मिळून एकच नमुना तयार करू शकतात: किती वर्षांनी हक्क पक्का होणार, शेअरचा भाव कोणत्या सूत्राने ठरणार, कोणत्या महिन्यात कंपनी तो परत घेणार, आणि त्यासाठी दरवर्षीच्या नफ्यातला किती भाग वेगळा ठेवला जाणार. परतखरेदीच्या दोन प्रस्तावांत एक वर्षाचे अंतर कायद्याने ठेवावेच लागते, म्हणून वर्षातला एक ठरलेला काळ सोयीचा आहे. दिवाळीआधीचा बोनस जसा पक्का असतो, तसा हा काळही पक्का असायला हवा. त्यात ठेकेदाराच्या माणसाला नंतर कायम करून आणायचे की सुरुवातीलाच थेट कंपनीत कायम म्हणून घ्यायचे, हा प्रश्न त्या वीस कंपन्यांना पहिल्या बैठकीतच सोडवावा लागेल.